‘कॅननाइझ’ हे क्रियापद कसे चालवावे

प्रश्न असा आहे: कुणाला संत घोषित करणे यासाठी इंग्रजीत ‘कॅननाइझ’ हे क्रियापद आहे. त्याची सगळी रूपे कोणती, ती कुठे वापरायची, आणि ‘मदर टेरेसा हॅज बीन कॅननाइझ्ड इन २०१६’ हे वाक्य चूक का ठरते?

रूपे सांगायला फार वेळ लागत नाही, कारण क्रियापद नियमित आहे. मूळ रूप कॅननाइझ. तृतीयपुरुषी एकवचनी कर्ता असेल तर कॅननाइझेस. दुसरे आणि तिसरे रूप एकच, कॅननाइझ्ड. ‘आयएनजी’ लावले की कॅननाइझिंग. नाम कॅननाइझेशन. स्पेलिंग सी-ए-एन-ओ-एन-आय-झेड-ई, ‘आयएनजी’ लावताना शेवटचा ‘ई’ गळतो, ‘डी’ लावताना राहतो. सुरुवातीला ‘एन’ एकच हे पक्के ध्यानात ठेवा. दोन ‘एन’ घातले की शब्दाच्या पोटात ‘कॅनन’ म्हणजे तोफ शिरते, आणि परीक्षेच्या पेपरांत ही चूक फार दिसते.

‘झेड’ की ‘एस’ हा वाद दिसतो तेवढा मोठा नाही. अमेरिकेत ‘झेड’च. ब्रिटनमध्ये दोन्ही चालतात: ऑक्सफर्डच्या कोशपरंपरेत ‘झेड’, बहुतेक ब्रिटिश वर्तमानपत्रांत ‘एस’. म्हणजे ‘झेड हे अमेरिकन आणि एस हे शुद्ध’ हे सरसकट खरे नाही. एका लेखात एकच ठेवा. क्रियापदाला ‘एस’ आणि नामाला ‘झेड’ असे झाले की संपादक लगेच पकडतो.

उच्चाराकडे थोडे थांबून पाहू, कारण इथे मराठी जीभच आड येते. आघात पहिल्या अक्षरावर, ‘कॅ’वर. मधला ‘ओ’ स्पष्ट म्हणायचा नाही, तो जवळजवळ ‘अ’ होतो. म्हणून मी ‘कॅनोनाइझ’ असे न लिहिता ‘कॅननाइझ’ लिहितो. नामात मुख्य आघात पुढे सरकून ‘झे’वर जातो, ब्रिटिश वक्ता ‘कॅननाइझेशन’ म्हणतो, अमेरिकन ‘कॅननिझेशन’. खरी अडचण ‘झ’ची. मराठीत ‘झाड’मधला झ वेगळा आणि ‘झेंडा’मधला वेगळा. इ किंवा ए पुढे आला की आपली जीभ आपोआप झेंड्यातल्या झकडे वळते. त्यामुळे ‘कॅननाइझिंग’ म्हणताना शेवट कोकणी कोळंबीच्या ‘झिंग्या’सारखा होतो. इथे सगळीकडे झाडातला झ हवा, पुढे इ असो वा ए. ‘कॅननाइझेस’मधला शेवटचा ‘एस’सुद्धा ‘स’ नाही, त्याच झाडातल्या झसारखा घोष आहे, आणि ते एक स्वतंत्र अक्षर आहे: कॅ-न-नाइ-झिझ. ‘कॅननाइझ्ड’मध्ये मात्र अक्षर वाढत नाही, ‘कॅननाइझेड’ असे चार अक्षरी म्हणू नये.

आता मुख्य गोष्ट. या क्रियापदाच्या बहुतेक चुका काळाच्या कोष्टकामुळे होत नाहीत, मराठी वाक्याच्या घडणीमुळे होतात. आपण सहज म्हणतो, ‘मदर टेरेसा संत झाल्या.’ ‘होणे’ अकर्मक आहे; करणारा कोण ते सांगावे लागत नाही. ‘कॅननाइझ’ मात्र सकर्मक आहे आणि सकर्मकच राहते. त्याला करणारा लागतो आणि ज्याला संत घोषित केले तोही लागतो. म्हणून ‘मदर टेरेसा कॅननाइझ्ड इन २०१६’ हे पूर्ण वाक्य म्हणून लिहिले तर इंग्रजी वाचक वाचतो, ‘मदर टेरेसांनी २०१६ मध्ये संत घोषित केले’, आणि पुढे कर्म शोधतो: कुणाला? बरोबर वाक्य: ‘मदर टेरेसा वॉज कॅननाइझ्ड इन २०१६.’ त्या एका ‘वॉज’ने कर्ता आणि कर्म जागेवर येतात.

हा फरक एकाच माणसावर दाखवता येतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपल्या कारकिर्दीत ४८२ जणांना संत घोषित केले, आणि २७ एप्रिल २०१४ रोजी ते स्वतः संत घोषित झाले. इंग्रजीत: ‘जॉन पॉल द सेकंड कॅननाइझ्ड ४८२ पीपल. ही हिमसेल्फ वॉज कॅननाइझ्ड ऑन २७ एप्रिल २०१४.’ क्रियापदाचे रूप दोन्ही वाक्यांत अक्षरशः सारखे आहे. पहिल्यात ते दुसरे रूप, साधा भूतकाळ, करणारे ते. दुसऱ्यात तेच तिसरे रूप, कर्मणी, आणि क्रिया त्यांच्यावर झाली. ही दोन वाक्ये पाठ केली तर पॅसिव्ह व्हॉइसचा अर्धा धडा झाला असे समजा.

कर्म थेट येते, मध्ये शब्दयोगी अव्यय लागत नाही. मराठीत ‘जोसेफ वाझ यांना’ म्हणतो म्हणून काहीजण ‘द पोप कॅननाइझ्ड टु जोसेफ वाझ’ लिहितात. तो ‘ला’ इंग्रजीत नेऊ नका. ‘संतपद बहाल केले’ याच घाटाचे इंग्रजी हवे असेल तर ‘कन्फर्ड सेंटहुड ऑन’ असे आहे, आणि तिथे ‘ऑन’ लागतेच. ‘कॅननाइझ’ला नाही.

आता ‘हॅज बीन’चा प्रश्न. मराठीत ‘२०१६ मध्ये संत घोषित करण्यात आले आहे’ असे लिहिले तरी कुणाला खटकत नाही; ‘आहे’ आणि निश्चित वर्ष सुखाने शेजारी बसतात. इंग्रजी प्रेझेंट परफेक्टला ते शेजारपण चालत नाही. तारीख, वर्ष, ‘लास्ट संडे’, ‘टेन इयर्स अगो’ यांपैकी काहीही आले की साधा भूतकाळ: ‘वॉज कॅननाइझ्ड’. काळ न सांगता आजची स्थिती सांगायची असेल तरच ‘हॅज बीन कॅननाइझ्ड’: ‘सेव्हरल इंडियन्स हॅव बीन कॅननाइझ्ड.’ कर्तरी वाक्यात आणखी एक बारकावा आहे. ‘पोप फ्रान्सिस हॅज कॅननाइझ्ड मेनी सेंट्स’ हे वाक्य २०२४ मध्ये बरोबर होते. २१ एप्रिल २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. आता ‘पोप फ्रान्सिस कॅननाइझ्ड’ एवढेच. प्रेझेंट परफेक्टमध्ये कर्त्याचे खाते अजून उघडे असते. जुने लेख अद्ययावत करताना ही जागा हमखास सुटते. (‘कॅननाइझ्ड मेनी सेंट्स’ ही रचनाही तशी ढिली आहे, कारण घोषणेआधी ती माणसे ‘सेंट’ म्हणून नोंदलेली नसतात, ‘मेनी पीपल’ किंवा ‘मेनी मार्टर्स’ अधिक चांगले.)

परफेक्टचे भूतकाळी रूप, ‘हॅड बीन’, कधी लागते? दोन पायऱ्या एका वाक्यात आल्या तर. मदर टेरेसा १९ ऑक्टोबर २००३ रोजी ‘बीॲटिफाय’ झाल्या (म्हणजे संतपदाआधीच्या ‘ब्लेसेड’ या पायरीवर पोहोचल्या), ४ सप्टेंबर २०१६ रोजी ‘कॅननाइझ’. ‘व्हेन शी वॉज कॅननाइझ्ड, शी हॅड ऑलरेडी बीन बीॲटिफाइड.’ आधीच्या पायरीला ‘हॅड बीन’, नंतरच्या पायरीला ‘वॉज’. दोन्ही तारखा स्पष्ट दिल्या असतील तर ‘हॅड’ची गरज उरत नाही, साधा भूतकाळ दोन्हीकडे पुरतो.

चालू काळ हा सर्वांत मोठा खड्डा आहे. ‘त्यांच्या संतपदाची प्रक्रिया सुरू आहे’ याचे भाषांतर ‘ही इज बीइंग कॅननाइझ्ड’ असे केले की अर्थच बदलतो. ते वाक्य सांगते की सोहळा या क्षणी चालला आहे, किंवा येत्या एकदोन दिवसांत ठरलेला आहे. कॅननाइझ ही वर्षानुवर्षे चालणारी क्रिया नाही, एका वाक्यात घडणारी क्रिया आहे. वर्षानुवर्षे चालते ते ‘कॉज’: चर्चच्या इंग्रजीत संतपदाच्या प्रकरणाला हाच शब्द आहे. म्हणून ‘हिज कॉज फॉर कॅननाइझेशन इज अंडर वे’ किंवा ‘ही इज बीइंग कन्सिडर्ड फॉर सेंटहुड’. गोव्यातल्या पिलारचे फादर आग्नेल यांच्याबद्दल लिहिताना हे सांभाळावे लागते. त्यांना १९८६ मध्ये ‘व्हेनरेबल’ (‘ब्लेसेड’च्याही आधीची पायरी) घोषित केले गेले आणि त्यांचे ‘कॉज’ चालू आहे. त्यांना ‘इज बीइंग कॅननाइझ्ड’ही लावता येत नाही आणि नावाआधी ‘सेंट’ही नाही.

त्या एका वाक्याकडे जवळून पाहण्यासारखे आहे. सोहळ्यात पोप जे लॅटिन सूत्र म्हणतात त्याचे मदर टेरेसांच्या वेळचे इंग्रजी असे: ‘वुई डिक्लेअर अँड डिफाइन ब्लेसेड टेरेसा ऑफ कलकत्ता टु बी अ सेंट, अँड वुई एन्रोल हर अमंग द सेंट्स.’ यात ‘कॅननाइझ’ हा शब्दच नाही, पण त्याचा अर्थ पुरता उलगडलेला आहे. ‘एन्रोल’च्या जागी लॅटिनमध्ये ‘सांक्तोरुम कातालोगो आद्स्क्रिबिमुस’ आहे, म्हणजे ‘संतांच्या यादीत नाव लिहितो’. ग्रीक ‘कानोन’ म्हणजे मुळात मापाची काठी. त्यावरून नियम, आणि नियमावरून मान्यताप्राप्त यादी. कॅननाइझ म्हणजे त्या यादीत घालणे. दुसरे पाहा ते काळाचे. पोप ‘वुई आर डिक्लेअरिंग’ म्हणत नाहीत, ‘वुई डिक्लेअर’ म्हणतात. उच्चारताच जी क्रिया पूर्ण होते तिला इंग्रजीत साधा वर्तमानकाळ लागतो, जसा ‘आय प्रॉमिस’, ‘आय रिझाइन’ला लागतो. आणि तिसरे: शब्द ‘डिक्लेअर’ आहे, ‘मेक’ नाही. चर्चच्या समजुतीत पोप कुणाला संत बनवत नाहीत, ती व्यक्ती स्वर्गात आहे हे अधिकृतपणे जाहीर करतात. बोली इंग्रजीत ‘वॉज मेड अ सेंट’ सर्रास चालते आणि बातमीत त्याला हरकत नाही, पण चर्चविषयक मजकुरात ‘डिक्लेअर्ड’ किंवा ‘कॅननाइझ्ड’ लिहा.

याच कारणाने ‘कॅननाइझ्ड फॉर हर सर्व्हिस टु द पुअर’ अशी रचना शक्यतो टाळावी. कॅननाइझेशन हा पुरस्कार नव्हे. आजच्या नियमांत, हौतात्म्य नसेल तर, साधारणपणे एक चमत्कार मान्य झाल्यावर बीॲटिफिकेशन आणि त्यानंतरचा आणखी एक मान्य झाल्यावर कॅननाइझेशन होते. हुतात्म्यांना पहिल्या पायरीसाठी चमत्काराची अट नसते. ‘फॉर’ लावले की पद्मश्रीसारखे काहीतरी वाचल्यासारखे वाटते. सेवेचा उल्लेख स्वतंत्र वाक्यात करा.

‘ॲज’ जपून वापरा. ‘कॅननाइझ्ड ॲज सेंट टेरेसा ऑफ कलकत्ता’ उत्तम, कारण ते अधिकृत नाव सांगते. ‘कॅननाइझ्ड ॲज अ मार्टर’ही ठीक, कारण संताचा प्रकार कळतो. ‘कॅननाइझ्ड ॲज अ सेंट’ मात्र ‘पिवळा पीतांबर’ आहे.

‘बाय’नंतर पोप येतात, चर्चही चालते. रशियाचा शेवटचा झार दुसरा निकोलस आणि त्याचे कुटुंब यांना रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने २००० मध्ये संतगणात घेतले; तिथे ‘बाय द रशियन ऑर्थोडॉक्स चर्च’ लिहावेच लागते, नाहीतर वाचक पोप गृहीत धरतो. ऑर्थोडॉक्स परंपरेत या विधीला ‘ग्लोरिफाय’ असेही म्हणतात.

बातम्यांच्या मथळ्यांनी विद्यार्थी सर्वांत जास्त गोंधळतात. ‘मदर टेरेसा कॅननाइझ्ड’ हा मथळा बिनचूक आहे, कारण मथळ्यात ‘वॉज’ गाळतात. तेच शब्द बातमीच्या पहिल्या वाक्यात चुकीचे. ‘पोप कॅननाइझेस मदर टेरेसा’ हा वर्तमानकाळ दिसतो, पण घटना होऊन गेलेली असते. ‘पोप टु कॅननाइझ मदर टेरेसा’ म्हणजे भविष्यकाळ. मराठीत आणताना ‘पोप संत घोषित करतात’ असे शब्दशः करू नका. आपल्या मथळ्याची रीत ‘मदर टेरेसा यांना संतपद’ ही आहे, आणि क्रियापदाशिवाय ती पुरते.

सोहळ्याआधीच्या बातमीत तारीख ठरलेली असेल तर ‘विल बी कॅननाइझ्ड’ किंवा अधिक औपचारिक ‘इज टु बी कॅननाइझ्ड’. पहिलेपण सांगायचे असेल तर ‘टु बी’ विसरू नका: केरळच्या सिस्टर अल्फोन्सा १२ ऑक्टोबर २००८ रोजी संत घोषित झाल्या, तेव्हाचे वाक्य ‘द फर्स्ट इंडियन वूमन टु बी कॅननाइझ्ड’. ‘टु कॅननाइझ’ लिहिले तर त्यांनीच दुसऱ्या कुणाला संत केले असा अर्थ होतो. मागणी सांगताना क्रियापद मूळ रूपात ‘बी’ घेऊन येते: ‘दे आस्क्ड दॅट शी बी कॅननाइझ्ड’, ‘वॉज’ नव्हे.

आपल्याकडची तीन नावे या क्रियापदाच्या सरावाला फार उपयोगी आहेत, आणि मराठी वाचकाला जवळचीही. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधल्या नागासाकीत हुतात्मा झाले; १६२७ मध्ये बीॲटिफाय, ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांच्या हस्ते कॅननाइझ. हे एका वाक्यात बसवायचे तर तिसऱ्या रूपाचा विशेषणासारखा वापर करा: ‘गोन्सालो गार्सिया, कॅननाइझ्ड इन १८६२, वॉज बॉर्न इन वसई.’ इथे ‘हू वॉज’ गाळले आहे आणि दोन स्वल्पविरामांनी ती जागा धरली आहे. स्वल्पविराम विसरलात तर वाक्य कोसळते. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये वारले, १६१९ मध्ये बीॲटिफाय आणि १२ मार्च १६२२ रोजी कॅननाइझ झाले. त्याच दिवशी लोयोलाचे इग्नेशियस आणि आविलाची तेरेसा यांच्यासह आणखी चौघांची घोषणा झाली, म्हणून ‘वॉज कॅननाइझ्ड अलाँग विथ’ किंवा अनेकवचनी कर्ता घेऊन ‘वेअर कॅननाइझ्ड टुगेदर’. ‘अलाँग विथ’ घेतले तर क्रियापद एकवचनीच राहते. तिसरे गोव्यातल्या बाणावलीचे जोसेफ वाझ: २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबोत बीॲटिफाय, १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोतच कॅननाइझ. स्थळासाठी ‘इन कोलंबो’, पूर्ण तारखेसाठी ‘ऑन’, नुसत्या वर्षासाठी ‘इन’. व्हॅटिकनमध्ये असेल तर ‘इन सेंट पीटर्स स्क्वेअर’, ‘ॲट’ नव्हे.

‘बीॲटिफाय’ हे सोबतीचे क्रियापद वर वारंवार आले. त्याची रूपे बीॲटिफाइज, बीॲटिफाइड, बीॲटिफाइंग. शेवटचा ‘वाय’ पहिल्या दोन रूपांत ‘आय’ होतो, तिसऱ्यात तसाच राहतो. आघात ‘ॲ’वर. एक ‘यू’ जास्त पडला की ‘ब्यूटिफाय’, सुशोभीकरण. दोन्ही शब्द खरे असल्यामुळे संगणकाचा शुद्धलेखन तपासक गप्प बसतो, डोळ्यांनीच पाहावे लागते. बीॲटिफाय झालेली व्यक्ती ‘ब्लेसेड’ असते, ‘सेंट’ नव्हे. सिस्टर राणी मारिया यांना ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये ‘ब्लेसेड’ घोषित केले. त्यांच्याबद्दल ‘कॅननाइझ्ड’ लिहिणे ही व्याकरणाची चूक नाही, माहितीची आहे, आणि ती जास्त वाईट.

मराठीतून इंग्रजीत जाणाऱ्यांनी सर्वांत जपायची जागा आपल्या संतांची. ‘संत ज्ञानेश्वर’, ‘संत तुकाराम’ यांचे संतपण कुणी जाहीर केलेले नाही. ना अर्ज, ना चौकशी, ना कुठल्या पीठाची मोहोर. नामदेवांपासून बहिणाबाईंपर्यंत सगळ्यांना लोकांनी संत म्हटले, वारीने ते पिढ्यानपिढ्या म्हटले, आणि तेवढे पुरले. म्हणून ‘तुकाराम वॉज कॅननाइझ्ड’ हे वाक्य व्याकरणात बसूनही खोटे आहे: त्या क्रियापदाला जो ‘करणारा’ लागतो तोच इथे नाही. लिहायचे तर ‘इज रिव्हिअर्ड ॲज अ सेंट’ किंवा ‘पोएट-सेंट’. काळही बघा: ‘इज रिव्हिअर्ड’, चालू वर्तमान स्थिती, कारण हे मानणे एका तारखेला घडून संपलेले नाही.

लाक्षणिक वापर दोन प्रकारचा आहे. एक, एखाद्याला इतके वर नेणे की दोष दिसेनासे व्हावेत: ‘द प्रेस कॅननाइझ्ड हिम आफ्टर हिज डेथ.’ यात बहुधा थोडी नापसंती असते, म्हणून श्रद्धांजलीच्या लेखात वापरू नका. दुसरा, एखादी कृती किंवा लेखक अभ्यासक्रमाच्या, समीक्षेच्या मान्य यादीत जाणे. धर्मग्रंथांच्या मान्य यादीबद्दलही हेच क्रियापद येते. ‘कॅनॉनिकल’ विशेषण मात्र संताला लावत नाहीत. ‘कॅननाइझ्ड सेंट’ म्हणा, ‘कॅनॉनिकल सेंट’ नाही. संगणकाच्या कामात एकाच पानाच्या अनेक पत्त्यांपैकी एक प्रमाण ठरवतात, त्याला ‘कॅनॉनिकलाइझ’ म्हणतात. ते वेगळे क्रियापद आहे, आघात ‘नॉ’वर, आणि तांत्रिक लेखात त्याच्या जागी ‘कॅननाइझ’ घातले तर वेबपानाला संतपद दिल्यासारखे वाचले जाते.

लेखन तपासताना तीन प्रश्न या क्रमाने विचारा. घोषणा करणारा कोण, आणि तो वाक्यात कर्ता आहे की ‘बाय’मागे? नसेल कुठेच, तर आधी ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ आहे ना? तारीख आहे का? असेल तर ‘हॅज बीन’ खोडा. आणि ती व्यक्ती खरोखर शेवटच्या पायरीवर पोहोचली आहे, की अजून ‘ब्लेसेड’ किंवा ‘व्हेनरेबल’ आहे? प्रश्नातले वाक्य दुसऱ्या प्रश्नाशी अडते. ‘हॅज बीन’ काढून ‘वॉज’ घाला, बाकी एक अक्षरही बदलावे लागत नाही.